विद्युत् गिटारमधील खरखर : स्थाननिश्चिती व निरसन

विद्युत् गिटार हे वाद्य बहुधा भरीव लाकडाच्या पाटावर उभारलेले असते. तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखी किंवा साध्या गिटारच्या पेटीसारखी पोकळी त्यात नसते. त्यामुळे विवर्धक जोडलेला नसताना त्याचा आवाज अगदी बेताचा येतो. या बेताच्या आवाजात एखादी सैल चकती किंवा स्प्रिंग कंप पावू लागली, म्हणजे तिची खरखर वादकाच्या कानाला मूळ स्वराइतकीच ठळक जाणवते. शिवाय या वाद्यावर धातूचे सुटे भाग पुष्कळ असतात. १९५४ साली फेंडर कंपनीने बाजारात आणलेल्या स्ट्रॅटोकास्टर या नमुन्याच्या केवळ घोडीवर पाहिले, तरी तारांची उंची ठरविणारे बारा स्क्रू, तारांची लांबी ठरविणारे सहा स्क्रू आणि त्यांवरील सहा स्प्रिंगा आढळतात. यांपैकी कोणताही एक भाग सैल झाला, तरी संपूर्ण वाद्य सदोष भासते.

दोष लहान असला तरी त्याचा शोध सोपा नाही. लाकूड व धातू यांच्यातून कंपने सहज वाहतात. म्हणून घोडीपाशी छेडलेल्या तारेमुळे दांडीच्या माथ्यावरील चकती वाजू शकते आणि तो आवाज मात्र घोडीतून आल्यासारखा वाटतो. कानावर भरवसा ठेवून उपाय सुरू करणारा मनुष्य बहुधा प्रथम पडद्यांवर संशय घेतो आणि ते कानशीने घासू लागतो. सैल स्क्रू पुन्हा आवळता येतो, पण घासला गेलेला पडदा पूर्ववत् होत नाही. म्हणून खरखरीच्या निरसनात कौशल्यापेक्षा क्रमाला अधिक महत्त्व आहे : आधी स्थाननिश्चिती, मग उपाय, आणि उपायांतही जे मागे घेता येतात ते आधी, जे मागे घेता येत नाहीत ते सर्वांत शेवटी.

खरखरीचे दोन प्रकार

या दोषाचे दोन मुख्य प्रकार मानता येतात. पहिल्या प्रकारात कंप पावणारी तार स्वतःच एखाद्या पडद्याला किंवा माथ्याजवळील खाचेच्या कडेला वारंवार स्पर्श करते. दुसऱ्या प्रकारात तार निर्दोष असते. तिच्या कंपनाने हादरलेला दुसराच एखादा भाग वाजतो.

पहिला प्रकार भारतीय वाचकाला अपरिचित नाही. तंबोऱ्याच्या रुंद घोडीवर तार हलकेच घासत राहते आणि त्या घासण्यातूनच जवारीचा भरदार झंकार निर्माण होतो. तारेला ज्या बिंदूपाशी छेडावे, त्या बिंदूवर निस्पंद असणारे उपस्वर तिच्या नादात नसावेत, असा यंग यांचा नियम आहे. तंबोऱ्यात असे उपस्वरही ठळकपणे उमटतात, ही गोष्ट चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरील आपल्या टिपणात दाखवून दिली. वक्र पृष्ठाशी होणारा तारेचा स्पर्श हे त्याचे कारण होय. गिटारमध्ये माथ्याजवळच्या पट्टीतील खाच झिजून सपाट झाली, म्हणजे मोकळ्या तारेतून सतारीसारखा आवाज येतो, तो याच क्रियेमुळे. भौतिक क्रिया एकच. एका वाद्यात ती कारागीर प्रयत्नपूर्वक साधतो, दुसऱ्यात ती दोष ठरते.

दुसऱ्या प्रकारामागील गणित साधे आहे. एखादा भाग केवळ स्वतःच्या वजनाने आपल्या बैठकीवर टेकलेला आहे अशी कल्पना करावी. बैठक कंप पावू लागली आणि तिचा महत्तम प्रवेग गुरुत्वीय प्रवेगापेक्षा अधिक झाला, तर तो भाग बैठकीपासून क्षणभर सुटतो व पुन्हा तिच्यावर आदळतो. ही आदळआपट म्हणजेच खरखर. दर सेकंदाला ११० आवर्तनांच्या कंपनात ही मर्यादा ओलांडण्यास सुमारे ०·०२ मिलिमीटरचा परमप्रसर पुरतो. कंप्रता दुप्पट झाली की त्याच्या चौथ्या हिश्श्याने, म्हणजे ०·००५ मिलिमीटरने, काम भागते. भरीव लाकूड स्वतः एवढे हलत नसले, तरी सैल भागाची नैसर्गिक कंप्रता वाजविलेल्या स्वराशी जुळल्यास अनुस्पंदनामुळे त्याची हालचाल अनेक पटींनी वाढते. बारीक तारा, स्प्रिंगा आणि पातळ पत्रे हे भाग वारंवार दोषी ठरतात ते यामुळेच.

या विवेचनातून दोन निष्कर्ष निघतात. स्क्रू आवळल्याने किंवा स्प्रिंगचा दाब वाढविल्याने त्या भागावर वजनाखेरीज अधिक बल पडते, त्यामुळे सुटण्याची मर्यादा उंचावते. उपायाचे सारे मर्म येथे आहे. तसेच सैल भागाची खरखर स्वराबरोबर हळूहळू विरत नाही. स्वर क्षीण होता होता परमप्रसर मर्यादेखाली गेला, की ती एकाएकी थांबते.

स्थाननिश्चितीच्या चाचण्या

पहिली चाचणी वाद्याबाहेरची. गिटार दुसऱ्या खोलीत नेऊन, विवर्धक न जोडता वाजवावी. खरखर नाहीशी झाली, तर खिडकीची काच, कपाटावरील वस्तू किंवा विवर्धकाच्या पेटीचा एखादा स्क्रू यांचा विचार करावा. याच वेळी उलट प्रश्नही विचारावा : विवर्धक जोडून, कर्णश्रवणी लावून ऐकले असता खरखर ऐकू येते काय ? गिटारवरील चुंबकीय पिकअप हवेतील ध्वनी टिपत नाही. पोलादी तारेच्या हालचालीमुळे त्याच्या वेटोळ्यात जो विद्युत् दाब निर्माण होतो तेवढाच तो पुढे पाठवितो. म्हणून खुंटीची चकती कितीही वाजली, तरी विवर्धित आवाजात ती प्रायः उतरत नाही. उलट, तार पडद्यावर आपटत असेल तर तिची हालचालच बिघडते व तो दोष विवर्धकातूनही ऐकू येऊ शकतो. पिकअप स्वतः सैल असेल, तर तोही याच वर्गात मोडतो.

दुसरी चाचणी सर्वांत निर्णायक आहे. गिटारवर एकच स्वर निरनिराळ्या ठिकाणी काढता येतो. उदाहरणार्थ, २२० आवर्तनांचा स्वर तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर, चौथीच्या सातव्या, पाचवीच्या बाराव्या आणि सहावीच्या सतराव्या पडद्यावर मिळतो. या चारही ठिकाणी खरखर ऐकू आली, तर तिचे कारण कंप्रता हे आहे. म्हणजेच कोठेतरी सैल भाग अनुस्पंदित होत आहे. ती एकाच ठिकाणी आली, तर कारण ते ठिकाण हे आहे. तेथील तार व पडदा तपासावेत. ती एकाच तारेवर, परंतु सर्व स्वरांना येत असेल, तर त्या तारेचा घोडीवरील आधार, माथ्यावरील खुंटी किंवा स्वतः तारच संशयास्पद ठरते.

तिसऱ्या चाचणीत सहाही तारा जाड कापडाने दाबून पाटावर मुठीने हलकेच ठोकावे. तारा मूक असतानाही खरखर उमटली, तर तारा व पडदे दोषमुक्त झाले. ठोकण्याऐवजी वाद्य ध्वनिक्षेपकाजवळ धरून, मोबाइल फोनवरील स्वरजनकाच्या साहाय्याने ८० पासून ४०० आवर्तनांपर्यंत शुद्ध स्वर सावकाश चढवीत नेल्यास दोषी कंप्रता नेमकी हाती लागते.

चौथी चाचणी दोघांनी करावयाची. एकाने खरखरणारा स्वर पुनःपुन्हा काढावा आणि दुसऱ्याने एकेक भाग बोटाने दाबून पाहावा : खुंट्यांची बटणे व नट, माथ्यावर तारा दाबून धरणारी लहान चकती, घोडी, पिकअप, वरचा पत्रा, नियंत्रणांच्या गुंड्या, वायर जोडण्याच्या जागेचा नट, पट्ट्याची बटणे आणि मागच्या पोकळीतील स्प्रिंगा. ज्या भागावर बोट ठेवताच खरखर थांबते, तो भाग दोषी. खुंटी आणि खाच यांमधील तारेचा निष्क्रिय तुकडाही पुष्कळदा झणझणतो, हे येथे विसरू नये.

सैल भागांचे उपाय

सैल नट व स्क्रू हाताला लागेल इतकेच आवळावेत. लाकडातील स्क्रूला अधिक जोर लावल्यास त्याची पकडच नष्ट होते. पिकअपखालील स्प्रिंग दुबळी झाली असेल तर ती बदलावी किंवा किंचित ताणून बसवावी. मागच्या पोकळीतील स्प्रिंगा वाजत असल्यास त्यांच्यात स्पंजाचा तुकडा ठेवणे पुरते.

काही दोष मात्र रचनेतच अंतर्भूत असतात. गिब्सन कंपनीने १९५४ साली आणलेल्या जुळवणीयोग्य घोडीवर पुढे तारांचे आधार निसटू नयेत म्हणून एक बारीक आडवी तार बसविण्यात आली. ही तार किंचित सैल झाली तरी खरखरते. ती काढून थोडा बाक देऊन पुन्हा बसविल्यास तिचा दाब वाढतो व आवाज थांबतो.

फेंडर कंपनीचा १९५८ चा जॅझमास्टर हा नमुना या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. त्याची घोडी दोन पायांवर धातूच्या वाट्यांत उभी असते आणि तारा घोडीवरून मागच्या पट्टीकडे फारच कमी कोनाने उतरतात. घोडीवर पडणारा तारेचा भार हा तारेचा ताण व या कोनाची ज्या यांच्या गुणाकाराइतका असतो. एका तारेचा ताण ७ किलोग्रॅम धरला, तर ५ अंशांच्या कोनात तो भार सुमारे ०·६ किलोग्रॅम भरतो. १२ अंशांच्या कोनात तो १·४५ किलोग्रॅमच्या घरात जातो. हा नमुना निघाला तेव्हा जाड तारा प्रचलित होत्या. पुढे पातळ तारांची प्रथा पडली, ताण घटला आणि त्याबरोबर भारही घटला. भार कमी पडल्याने आधारांचे लहान स्क्रू कंपनाने फिरू लागतात व खडखडतात. या स्क्रूंना नखरंगाचा किंवा आटे धरून ठेवणाऱ्या सौम्य द्रवाचा थेंब लावणे हा तात्पुरता उपाय होय. खरा उपाय भार वाढविण्याचा : जाड तारा लावाव्यात, अथवा दांडी पाटात जेथे बसते, त्या खाचेच्या घोडीकडील टोकाखाली पातळ पाचर ठेवावी. दांडी किंचित मागे झुकते, घोडी उंच करावी लागते आणि तारांचा कोन वाढतो.

तार व पडदा यांतील स्पर्श

चाचण्यांनी तारेवरच दोष आणला, तरीही कानस उचलण्याची वेळ झालेली नसते. प्रथम दांडीचा बाक मोजावा. एक तार पहिल्या पडद्यावर आणि दांडी पाटाला मिळते तेथील पडद्यावर एकदम दाबून धरली असता, सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार व पडदा यांत सुमारे ०·२ ते ०·३ मिलिमीटर फट असावी. फट मुळीच नसेल, तर दांडी सरळ किंवा उलट वाकलेली आहे, आणि पहिल्या काही पडद्यांवर खरखर येणे क्रमप्राप्त आहे. दांडीत बसविलेली पोलादी सळई हा बाक नियंत्रित करते. अशा सळईचे एकस्व गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांना १९२३ साली मिळाले. तिचा नट एका वेळी पाव फेराच फिरवावा, तारा पुन्हा स्वरात लावाव्यात आणि मग मोजावे. नट सैल केल्याने बाक वाढतो. तो अगदीच सैल झाल्यास सळई स्वतःच दांडीत वाजू लागते, आणि अतिरिक्त आवळल्यास तिचे आटे तुटतात. हवेतील आर्द्रतेबरोबर लाकडाचा बाक बदलतो; म्हणून कोकणपट्टीतील वाद्याची पावसाळ्यातील एकच मोजणी वर्षभरासाठी ग्राह्य मानू नये.

बाक योग्य असूनही वरच्या पडद्यांवर खरखर राहिली, तर घोडी थोडी उचलावी. बाराव्या पडद्यापाशी तारेची उंची दीड ते दोन मिलिमीटर असणे सामान्य होय. केवळ मोकळी तार खरखरत असेल, तर माथ्याजवळील खाच पाहावी. एवढे करूनही एकाच पडद्यावर दोष शिल्लक राहिला, तर त्याच्या पुढचा, म्हणजे घोडीकडील, पडदा उंच असण्याचा संभव असतो. तीन पडद्यांवर टेकेल एवढी सरळ धातूची पट्टी ठेवावी. ती डुलली तर मधला पडदा उंच आहे. तो आपल्या खाचेतून वर उचलला गेला आहे काय, हे दाबून पाहावे, आणि तसे असल्यास तो पुन्हा बसवावा. तो घट्ट बसलेला असूनही उंचच राहत असेल, तेव्हाच घासण्याचा विचार करावा. आणि तोही वरील सर्व मोजण्या लिहून ठेवल्यानंतर, अनुभवी कारागिराच्या हातून.