गाडी घेताय? ‘ॲव्हरेज किती’ विचारण्याआधी ‘फिटर किती लांब’ ते बघा

कारखान्याचं उसाचं बिल खात्यावर जमा झालं किंवा डाळिंबाचा बाग चांगला गेला, की घरात चारचाकीचा विषय निघतो. मग पारावर, डेअरीवर, लग्नाच्या मांडवात सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, डोळे झाकून मारुती घे. दुसरा म्हणतो, टाटाचा पत्रा बघ. तिसऱ्याच्या मेहुण्याने दिल्लीची गाडी निम्म्या किमतीत आणलेली असते. शेवटी धनत्रयोदशीचा मुहूर्त जवळ येतो आणि सात-आठ लाखांचा व्यवहार दोन तासांत उरकला जातो. जनावरांच्या बाजारात बैल घेताना यापेक्षा जास्त वेळ दात बघण्यात जातो.

शहरातल्या शोरूममध्ये चांगली वाटणारी गाडी सांगोल्याच्या किंवा करमाळ्याच्या वस्तीवर तितकीच चांगली ठरेल असं नाही. पुण्यात गाडी बंद पडली तर रिक्षा मिळते. करमाळ्याहून सोलापूर शंभर किलोमीटरच्या वर आहे, आणि रात्री अकरा वाजता घरातल्या माणसाला दवाखान्यात न्यायचं असेल तर दारातली गाडी चालू झालीच पाहिजे. गावाकडे भरवशाची गाडी म्हणजे जी कमी बिघडते आणि बिघडलीच तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तालुक्यातच नीट होते. यातला दुसरा भाग बहुतेक जण विसरतात.

आधी गॅरेज, मग शोरूम

गाडी पसंत करण्याआधी तालुक्याच्या गावातल्या दोन-तीन फिटरकडे चक्कर मारावी. त्यांना दोन गोष्टी विचाराव्यात. कुठल्या गाड्या तुमच्याकडे रोज येतात? आणि कुठल्या गाड्या आल्या की तुम्ही ‘सोलापूरला न्या’ म्हणून परत पाठवता? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त कामाचं. गॅरेजात एखादी गाडी वारंवार दिसते म्हणून ती वाईट असं नाही, रस्त्यावरच ती जास्त असते. पण जिला फिटर हातच लावत नाही, ती घेताना दहा वेळा विचार करावा. सोबत क्लच प्लेट, ब्रेक पॅड, हेडलाईट आणि साईड मिरर यांची किंमत विचारून घ्यावी आणि सामान दुकानात असतं की मागवावं लागतं हेही.

मारुतीला गावाकडे मागणी आहे ती यामुळेच. देशात सर्वांत मोठं सर्व्हिसचं जाळं या कंपनीचं आहे, आणि वॅगनआर, अल्टो, स्विफ्ट, डिझायर यांचं सामान तालुक्याच्या दुकानात सहज मिळतं. जुनी झाल्यावर विकायला गेलं तर गिऱ्हाईकही लवकर लागतं. टोयोटाची ग्लान्झा ही मूळची मारुतीची बलेनो आणि रुमियन ही मूळची अर्टिगा, पाटी तेवढी वेगळी. त्यामुळे त्या दोन्हींच्या दुरुस्तीची फारशी अडचण येत नाही. महिंद्राची बोलेरो जुन्या पद्धतीच्या चासीवर बांधलेली, मागच्या चाकांवर चालणारी डिझेल गाडी. ऐसपैस आरामाची नाही, पण खडी-मातीच्या वाटेला ती कुरकुरत नाही आणि तिचं इंजिन उघडलेला फिटर प्रत्येक तालुक्यात सापडतो.

याच्या उलट उदाहरण शेवरोले आणि फोर्डचं. शेवरोलेच्या गाड्यांची विक्री भारतात २०१७ मध्ये थांबली. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. दॅटसनही २०२२ मध्ये गेली. या कंपन्यांच्या जुन्या गाड्या आज फार स्वस्तात मिळतात. इंजिनं वाईट होती असं नाही, फोर्डची गाडी तर चालवायला दणकट. पण एखादा सेन्सर किंवा बंपर लागला की शोधाशोध सुरू होते, आणि तोवर गाडी झाडाखाली उभी. लाखभर रुपये वाचले म्हणून आनंदाने घेतलेल्या गाडीत ते लाखभर असेच जातात.

पत्रा ठोकून मजबुती कळत नाही

दार जोरात आपटून किंवा बॉनेटवर बुक्की मारून गाडीची मजबुती ठरवणारे बरेच आहेत. त्याने काही कळत नाही. टक्कर होते तेव्हा बाहेरचा पत्रा नव्हे, आतला सांगाडा माणसाला वाचवतो. त्यासाठी गाडी ठरावीक वेगाने आदळून चाचणी घेतात आणि ५ पैकी स्टार देतात. आधी ग्लोबल एनकॅप ही संस्था भारतातल्या गाड्या तपासायची. ऑक्टोबर २०२३ पासून आपली भारत एनकॅप सुरू झाली. कुठल्या मॉडेलला किती स्टार, हे मोबाईलवर दोन मिनिटांत सापडतं.

इथे कंपन्यांमधला फरक डोळ्यात भरतो. टाटाच्या नेक्सॉनला २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपचे ५ स्टार मिळाले. भारतात बनलेल्या गाडीला ५ स्टार मिळण्याची ती पहिली वेळ. २०२१ मध्ये पंचनेही मोठ्यांच्या सुरक्षेत ५ स्टार मिळवले. वॅगनआरला २०२३ च्या चाचणीत १ स्टार मिळाला, २०२४ मध्ये अर्टिगालाही १. पण म्हणून ‘मारुती म्हणजे डबा’ हेही खरं नाही, कारण मारुतीच्याच नव्या डिझायरला २०२४ मध्ये ५ स्टार मिळाले. थोडक्यात, कंपनीचं नाव बघून नाही, मॉडेल आणि साल बघून ठरवावं. वॅगनआरला आता सहा एअरबॅग मिळतात ही चांगली गोष्ट, पण एअरबॅग वाढल्या म्हणून सांगाडा बदलला असा अर्थ होत नाही. आणि मागे बसणाऱ्यांनी पट्टा लावलाच नाही तर पाच स्टारही फारसे उपयोगाचे नाहीत.

मग वॅगनआर घ्यायचीच नाही का? तर तसंही नाही. गावातल्या गावात, शेतावर, तालुक्याला चाळीसच्या वेगाने जाणाऱ्या घराला ती वर्षानुवर्षं पुरते. उंच असल्याने गुडघे दुखणारी आजी न वाकता आत बसते, हे डिझायरसारख्या बुटक्या गाडीत होत नाही. ज्यांना दर आठवड्याला हायवेने पुण्याला जायचं आहे त्यांनी मात्र स्टार आधी बघावेत, बाकीचं नंतर.

म्हणून टेस्ट ड्राईव्हला एकट्या पोराने जाऊ नये. आजी-आजोबांना, लेकरांना घेऊन जावं. पाच माणसं बसवून गतिरोधकावरून गाडी न्यावी. खालचं घासतं का तेव्हाच कळतं. पंचची जमिनीपासूनची उंची १८७ मिलिमीटर आणि वॅगनआरची १६५ आहे. कागदावर दोन सेंटीमीटर, पण ओढ्याच्या वाटेवर आणि चाकोरी पडलेल्या पाणंद रस्त्यावर तेवढ्यानेच चेंबर वाचतो.

पेट्रोल, सीएनजी की डिझेल?

हा प्रश्न भांडणाचा नाही, हिशेबाचा आहे. सीएनजीची गाडी त्याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीपेक्षा साधारण ९० हजारांनी महाग पडते. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि ॲव्हरेज १८ चं धरलं तर किलोमीटरला ५ रुपये ८३ पैसे. सीएनजी ९० रुपये किलो आणि ॲव्हरेज २५ धरलं तर ३ रुपये ६० पैसे. किलोमीटरमागे सव्वादोन रुपये वाचतात. म्हणजे वरचे ९० हजार भरून निघायला ४० हजार किलोमीटर लागतात. वर्षाला १५ हजार किलोमीटर फिरणाऱ्याला ते पावणेतीन वर्षांत वसूल. पण लग्नकार्य, बाजार आणि देवदर्शन मिळून वर्षाला ६ हजारच फिरणाऱ्याला जवळपास सात वर्षं. त्यात पंप तीस किलोमीटरवर असेल आणि तिथे तासभर रांग असेल तर हिशेब आणखी बिघडतो. टाकी डिकीत बसते, त्यामुळे पिशव्या-पोती ठेवायला जागा उरत नाही. टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करावी लागते, तीही ध्यानात ठेवावी. बाहेरून स्वस्तात किट बसवायचं असेल तर ते मान्यताप्राप्तच हवं आणि आरसीवर नोंदवलं पाहिजे. तसं न करता बसवलं तर वॉरंटीही जाते आणि अपघातात विम्याची अडचण होते.

डिझेलचं गणित २०२० पासून बदललं आहे. बीएस-६ नियमांनंतरच्या डिझेल गाडीत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेला सलग पळवावी लागते. रोज घर ते शेत तीन किलोमीटर करणाऱ्याचा फिल्टर तुंबतो आणि दिवा लागतो. लांब पल्ला रोजचा असेल, माणसं किंवा ओझं जास्त असेल तरच डिझेल.

पेट्रोलबद्दल एक गोष्ट. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याच भागातल्या उसाचं इथेनॉल असलं तरी लिटरमागे त्याची ताकद पेट्रोलपेक्षा कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरतं. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्या या इंधनासाठी तयार केलेल्या आहेत. त्याआधीची जुनी गाडी घेताना कंपनीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते वाचावं आणि रबरी पाईप, नळ्या फिटरकडून तपासून घ्याव्यात.

शोरूमचा भाव आणि हातात पडणारा भाव

जाहिरातीतला भाव एक्स-शोरूम असतो. त्यावर महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या खासगी गाडीला पेट्रोलसाठी ११ टक्के आणि डिझेलसाठी १३ टक्के रोड टॅक्स लागतो. साडेसहा लाखांच्या पेट्रोल गाडीला नुसता टॅक्सच साडेएकाहत्तर हजार. वर विमा, फास्टॅग, नंबर प्लेट. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा घ्यावाच लागतो, पण तो शोरूममधूनच घ्या अशी सक्ती कुणालाही करता येत नाही. बाहेरून भाव काढला की शोरूमवाला आपोआप खाली येतो. ‘हँडलिंग चार्ज’ नावाची ओळ बिलात दिसली तर ती कशाची, हे विचारावं आणि कमी करायला सांगावं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि वरचा सेसही गेला. त्यामुळे नव्या गाड्या उतरल्या. सेकंड हँडवाले मात्र अजून जुन्या भावाशी तुलना करून ‘बघा किती स्वस्त’ म्हणतात, तिथे सावध राहावं.

कर्जाचं म्हणाल तर हप्ता लहान दिसतो तिथे व्याज मोठं असतं. ६ लाख रुपये साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ९,८०० रुपये आणि व्याज सव्वादोन लाखांच्या घरात. पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता १२,६०० आणि व्याज दीड लाखाच्या थोडं वर. शेतीचा पैसा महिन्याला येत नाही, हंगामाला येतो. काही ठिकाणी सहामाही हप्ते बांधून मिळतात, ते आधी विचारावं.

जुनी घेणाऱ्यांनी सालाकडे बघा

सेकंड हँड गाडी घेणं कमीपणाचं नाही. चार-पाच वर्षांची, नीट वापरलेली गाडी अनेक घरांना नव्या गाडीपेक्षा शहाणपणाची ठरते. पण साल महत्त्वाचं. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस ब्रेक सक्तीचे झाले, त्याच वर्षी जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग. शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्या गाड्यांना सक्तीची व्हायला २०२१ चं वर्ष संपावं लागलं. म्हणून २०१८ ची टॉप मॉडेल आणि २०२२ ची साधी मॉडेल एकाच भावात मिळत असतील तर दुसरी बरी.

मीटरवरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नये, ते मागे घेऊन देणारे आहेत. ४० हजार दाखवणाऱ्या गाडीचा क्लच पेडलचा रबर गुळगुळीत आणि स्टेअरिंगचं कव्हर चकचकीत असेल तर समजून जावं. नंबर सांगून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुन्या नोंदी मिळतात का बघावं. पट्टा पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या टोकाला मातीचा डाग किंवा कुबट वास आहे का तपासावं. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकायला येते, पण पट्ट्याचं टोक सहसा कुणी धूत नाही.

दिल्ली पासिंगच्या गाड्यांचं आकर्षण वेगळंच. तिकडे न्यायालयाच्या आदेशांमुळे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून मालक मिळेल त्या भावाला विकत गेले. पण ती गाडी इथे कायमची ठेवायची तर तिकडची एनओसी, इथला टॅक्स आणि एमएच नंबर हे सगळं करावं लागतं. एजंट ‘होऊन जातंय’ म्हणतो आणि पैसे घेतल्यावर फोन उचलत नाही. खासगी गाडीची आरसी १५ वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस आणि पर्यावरण कर भरून पाच वर्षांचं नूतनीकरण. हा खर्चही किमतीत धरावा.

सगळ्यात मोठा धोका कागदाचा. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केली म्हणजे गाडी नावावर झाली, हा गैरसमज गावोगावी आहे. आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात हेच सांगितलं. गाडी पुढे तिघांनी विकली होती, तरी अपघाताची भरपाई आरसीवर नाव असलेल्यावरच आली. म्हणजे विकणाऱ्यालाही हे तितकंच लागू आहे. फॉर्म २९ आणि ३० भरून ट्रान्सफर करायची. आधी कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो, नाहीतर एक दिवस फायनान्सवाले येऊन गाडी उचलून नेतात. विमाही स्वतःच्या नावावर करून घ्यावा. मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे हप्ता थोडा वाढेल.

एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विम्याची मुदत आणि कर्जाचा बोजा दिसतो. ई-चलान वेगळं तपासावं, कारण जुने दंड साचलेले असले तर ट्रान्सफर अडते. हे सगळं बयाणा देण्याआधी करायचं. आणि सौदा पक्का झाला तरी पूर्ण रक्कम एकदम न देता वीस-पंचवीस हजार मागे ठेवावेत, तसं कागदावर लिहून घ्यावं, आणि ॲपवर आरसीला आपलं नाव दिसेल त्या दिवशी ते चुकते करावेत.