हॉइस्ट बंद पडला तर परवडतं, बिघडून चालू राहिला तर धोका

सांवेर (इंदूर) : इंदूरहून उज्जैनकडे निघालं की शहराच्या उत्तर टोकाला सांवेर रोड औद्योगिक क्षेत्र लागतं आणि त्याच रस्त्यानं पुढे गेलं की सांवेर. या पट्ट्यातल्या छोट्या-मोठ्या शेडमध्ये डाय, मोटर, गिअरबॉक्स उचलायला हाताच्या चेन-कुप्पीऐवजी आता अनेक ठिकाणी इलेक्ट्रिक चेन हॉइस्ट लागलेला असतो. जळगाव, भुसावळ, बऱ्हाणपूरच्या शेडमध्येही हेच यंत्र आहे आणि त्याच्या तक्रारीही त्याच.

हॉइस्ट बंद पडला की आरडाओरड होते आणि मिस्त्रीला फोन जातो. पण बंद पडलेला हॉइस्ट कुणाच्या डोक्यावर माल टाकत नाही. खरा धोका असतो तो ‘थोडा घसरतो, पण काम चालतंय’ असं म्हणत वापरात ठेवलेल्या हॉइस्टचा. म्हणून कुठला बिघाड दुपारपर्यंत थांबू शकतो आणि कुठल्या बिघाडात त्याच क्षणी काम थांबवायचं, हे मालक, फिटर आणि हेल्पर तिघांनाही माहीत असायला हवं.

बटण वरचं, हुक खाली

शेडमध्ये लाइनचं काम झालं, मेन केबल बदलली किंवा हॉइस्ट दुसऱ्या सॉकेटला जोडला, की कधी कधी ‘वर’चं बटण दाबल्यावर हुक खाली येतो. थ्री फेजमधल्या दोन फेजची अदलाबदल झाल्यानं मोटर उलटी फिरते. यावर बरेच जण ‘उलटं बटण दाबायचं, एवढंच’ असा तोडगा काढतात. हा सगळ्यात घातक जुगाड आहे.

कारण असं, की वरचा लिमिट स्विच ‘वर’च्या बटणाचं सर्किट तोडतो. मोटर उलटी झाली की हुक वर जातो तो ‘खाली’च्या बटणावर, आणि ते सर्किट वरचा लिमिट स्विच तोडतच नाही. हुक थेट हॉइस्टच्या बॉडीवर जाऊन आदळतो. चेन, गिअर, हुक यांपैकी काहीही तुटू शकतं.

उपाय सोपा आहे. मेन बंद करून सप्लायच्या बाजूच्या कोणत्याही दोन फेज इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या. पेंडंटच्या, म्हणजे लोंबणाऱ्या बटणपेटीच्या आतल्या वायरी मात्र अदलून बदलून लावू नका. त्यानं बटण सरळ झाल्यासारखं वाटतं, पण लिमिटचा घोळ तसाच राहू शकतो. लाइनचं कुठलंही काम झालं की लोड न लावता, हुक मधोमध ठेवून, ‘वर’चं बटण क्षणभर दाबून बघा.

बटण सोडलं तरी लोड सरकतो

हॉइस्टच्या ब्रेकचं काम उलट्या तऱ्हेनं चालतं. करंट मिळाला की ब्रेक सुटतो, करंट गेला की स्प्रिंग त्याला घट्ट बसवते. म्हणून लाइट गेली तरी लोड जागेवर राहतो. बटण सोडल्यावर लोड खाली सरकत राहिला तर ब्रेकचं लायनिंग झिजलेलं असेल, त्यावर तेल-ग्रीस गेलं असेल किंवा गॅप बिघडला असेल.

रोज शिफ्टच्या सुरुवातीला नेहमीचा लोड वीतभर उचला, बटण सोडा आणि बघा. नुसता हुक खालीवर करून ब्रेक तपासला जात नाही. लोड सरकत असेल तर काम तिथेच थांबवा. गॅप किती हवा हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. अंदाजानं स्प्रिंग आवळू नका.

बऱ्याच हॉइस्टमध्ये ओव्हरलोड क्लच असतो. क्षमतेपेक्षा जास्त वजन लावलं की तो घसरतो आणि मोटर फिरूनही लोड उचलला जात नाही. क्लच आवळून एक टनाच्या हॉइस्टकडून दीड टन उचलून घेणं म्हणजे फ्यूजच्या जागी जाड तार लावणं.

मोटर नुसती गुरगुरते

बटण दाबलं, आवाज येतो, हुक हलत नाही. बटण लगेच सोडा. एक फेज गेलेली असेल तर अशा अवस्थेत वाइंडिंग लवकर जळते. दुसरं कारण कमी व्होल्टेज. लांबलचक, बारीक केबलवर हॉइस्ट चालवला की स्टार्ट होताना व्होल्टेज पडतं. 415 व्होल्टच्या हॉइस्टला टर्मिनलवर 10 टक्क्यांहून कमी, म्हणजे 373 च्या खाली मिळत असेल तर आधी केबल बघा. हे माप इलेक्ट्रिशियननंच घ्यावं. तिसरं कारण, ब्रेक सुटतच नाही. त्याची कॉइल किंवा रेक्टिफायर गेलेला असतो.

हॉइस्ट एकाच दिशेला चालत असेल तर लिमिट स्विच अडकलाय का, पेंडंटची वायर आतून तुटलीय का आणि कॉन्टॅक्टर लागतोय का, या क्रमानं बघा. पेंडंट ओढून ट्रॉली सरकवायची सवय असेल तर वायर तुटणारच. तो ताण सोबतच्या आधाराच्या तारेनं घ्यायचा असतो.

मोटर तापून बंद होत असेल तर नेमप्लेट वाचा. ‘ईडी 40 टक्के’ याचा अर्थ दहा मिनिटांत साधारण चार मिनिटं मोटर चालू, बाकी वेळ विश्रांती. हॉइस्ट सतत चालवायचं यंत्र नाही.

चेन : डोळ्यानं नाही, मापानं

चेन हळूहळू झिजते, म्हणून रोज बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. व्हर्नियरनं 11 कड्यांची लांबी मोजा. मूळ मापापेक्षा 2 टक्के वाढली की चेन बदलायची, असं अनेक उत्पादक सांगतात. 21 मिलिमीटर पिचच्या चेनमध्ये 11 कड्या म्हणजे 231 मिलिमीटर. ते 235 च्या पुढे गेलं की चेन मर्यादेवर आली. कडीची जाडी 10 टक्क्यांनी घटली किंवा हुकाचं तोंड 10 टक्क्यांनी उघडलं, तरी ते बाद धरतात. तुमच्या मॅन्युअलमध्ये याहून कडक आकडा असेल तर तोच पाळा.

चेन ‘कट-कट’ वाजत असेल तर ती सुकली आहे, पिळली आहे किंवा चेन व्हीलचे खोबण झिजले आहेत. तेल लावताना लोड काढा, म्हणजे कड्या सैल होतात आणि तेल दोन कड्या जिथे घासतात तिथपर्यंत पोचतं. जास्त धूळ असेल तिथे चिकट ग्रीस नको, कारण धूळ चिकटून पॉलिश पेपरसारखं काम करते.

तुटलेल्या चेनला वेल्डिंग नाही, बोल्ट टाकून जोड नाही. हॉइस्टची चेन मालाला गुंडाळायची नाही, त्यासाठी स्लिंग वापरायची. तिरपं ओढायचं नाही. माल हुकाच्या बरोबर खाली आणा, मग उचला.

कायदा काय सांगतो

कारखाना अधिनियम, 1948 च्या कलम 29 नं घालून दिलेली शिस्त सरळ आहे. उचलण्याच्या यंत्राची 12 महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून सखोल तपासणी, तिची नोंद, यंत्रावर सुरक्षित भार ठळक लिहिलेला, आणि त्याहून जास्त वजन नाही. आता कामगार संहितांची भाषा आली तरी ही शिस्त सोडायचं कारण नाही. लहान शेडलाही एक वही परवडते. तारीख, 11 कड्यांचं माप, ब्रेकची स्थिती आणि सही, एवढं लिहिलं तरी पुढचा बिघाड आधी दिसतो.

रोजची पाच मिनिटं

- बटण आणि दिशा जुळते का, इमर्जन्सी स्टॉप दाबल्यावर सगळं थांबतं का.
- रिकामा हुक हळूहळू वर नेऊन लिमिट तपासा. लिमिट शेवटचा आधार आहे, रोज हुक थांबवायचं बटण नाही. तुमच्या हॉइस्टला स्विच नसून क्लचच लिमिटचं काम करत असेल, तर मॅन्युअल सांगेल तसंच करा.
- हुकाची जीभ जागेवर आहे का, चेन पिळलेली नाही ना.
- चेनची पिशवी भरून ओसंडत नाही ना.
- वीतभर लोड उचलून ब्रेक बघा.

यातलं एक जरी चुकलं तरी मेन बंद करा, कुलूप लावा आणि किल्ली खिशात ठेवा. ‘बंद आहे, वापरू नये’ ही पाटी शेडमधल्या प्रत्येकाला वाचता येईल अशा भाषेत लिहा. सांवेर रोडवर ती हिंदीतच हवी. आणि हॉइस्ट कालच दुरुस्त झालेला असला तरी लटकत्या मालाखाली कुणीही उभं राहायचं नाही, मालकानंही नाही.