जुनी जपानी मोटार : हौस, हिशेब आणि व्रत

घर, पेढी आणि वाहन या तीन गोष्टींवरून माणसाची पत जोखण्याची चाल आमच्या व्यापारी समाजात फार जुनी आहे. बैलगाडी गेली, टांगा गेला, अँबॅसडर आणि फियाटही गेल्या. परंतु दारात उभ्या असलेल्या वाहनाकडे पाहून उधारीची मर्यादा ठरविणारी नजर मात्र गेलेली नाही. अलीकडे या नजरेपुढे एक नवा प्रकार येऊ लागला आहे. मूळ परदेशातून तयार स्थितीत आलेली, दहा ते वीस वर्षे वापरलेली जपानी आलिशान मोटार आज नव्या सामान्य गाडीच्या किमतीत, कित्येकदा त्याहूनही कमी किमतीत मिळते. बेळगाव, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या भागांतील आमच्या सभासदांची तरुण मुले अशा गाड्यांची छायाचित्रे वडीलधाऱ्यांना दाखवितात आणि विचारतात, “काका, घेऊ या का?” या प्रश्नास हो किंवा नाही असे एका शब्दाचे उत्तर देणे योग्य नव्हे. आमच्या घरी २००४ सालची आयात केमरी गाडी २०१३ पासून आहे. तिची खतावणी आम्ही पहिल्या दिवसापासून ठेवली आहे. त्या आधारावर चार गोष्टी सभासद बंधु-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

पूर्वपीठिका

जपानी मोटारीची आजची कीर्ती तिला जन्मतः मिळालेली नाही. १९५८ च्या सुमारास टोयोटा कंपनीने आपली क्राउन गाडी अमेरिकेत विकावयास नेली. तेथील लांब व वेगवान रस्त्यांवर तिचा निभाव लागेना, आणि थोड्याच वर्षांत कंपनीस ती मागे घ्यावी लागली. पुढे १९८३ साली अध्यक्ष एइजी टोयोडा यांनी जगातील उत्तमोत्तम गाड्यांच्या तोडीची गाडी बनविण्याचा प्रश्न आपल्या माणसांपुढे टाकला, आणि १९८९ साली लेक्सस एल.एस. ४०० बाजारात आली. त्याच वर्षी निसानने इन्फिनिटी हे नाव पुढे आणले. होंडाने तर १९८६ सालीच अक्युरा सुरू केली होती.

व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवावी अशी गोष्ट याच्या पुढची आहे. १९८९ च्या अखेरीस त्या नव्या लेक्सस गाडीत काही दोष आढळले. तेव्हा कंपनीने विकलेल्या सुमारे ८,००० गाड्या गिऱ्हाइकांच्या घरून नेल्या, दुरुस्त केल्या, धुऊन पुसून परत पोहोचविल्या, आणि हे सारे काम काही आठवड्यांत उरकले. खोटा निघालेला माल गिऱ्हाइकाने परत आणण्याची वाट न पाहता आपण होऊन उचलावा, हा आमच्या पेठेतील जुन्या सचोटीचाच धडा आहे. त्या नावाची पत या वर्तनावर उभी राहिली.

या कथेशी आमच्या बेळगावचेही नाते आहे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लोखंडी नांगराचा उद्योगही त्यांनी येथेच आरंभिला. येथील जागा सोडावी लागल्यावर १९१० साली ते औंध संस्थानात गेले आणि किर्लोस्करवाडी वसली. त्यांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांच्या पुढाकाराने १९९७ साली टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी स्थापन झाली. २००० साली तिची क्वालिस रस्त्यावर आली आणि २००२ साली केमरी परदेशाहून तयार स्थितीत येऊ लागली. पुढे २०१२ पासून केमरी बिडदी येथेच जुळू लागली; लेक्सस नाव भारतात २०१७ साली आले. १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरील संख्येची बंधने उठली, त्यानंतर परदेशी गाड्यांचा ओघ वाढला. वापरलेली गाडी आणावयाची तर ती तीन वर्षांहून जुनी नसावी व तिचे सुकाणू उजवीकडे असावे, अशी अट सरकारने घातली. त्या काळात आलेल्या गाड्याच आता दुसऱ्या-तिसऱ्या हातांतून आमच्या भागात पोहोचत आहेत.

परखी मारल्यावाचून पोते घेऊ नये

धान्याच्या पोत्याचे तोंड उघडून वरचे दाणे पाहणारा खरेदीदार फसतो. पोटात परखी मारून पाहणारा सहसा फसत नाही. मोटारीचेही तसेच आहे. रंगाची चकाकी हे पोत्याचे तोंड समजावे.

प्रथम चासी क्रमांक पाहावा. त्याचे पहिले अक्षर ‘जे’ असेल तर गाडी जपानात बनलेली आहे. ‘एम’ असेल तर भारतात किंवा आग्नेय आशियातील एखाद्या देशात. हा क्रमांक गाडीवर, नोंदणीपत्रावर व विम्यावर एकच आहे की नाही, हे स्वतः ताडावे. अंतर दाखविणारा आकडा मागे फिरविता येतो, परंतु ब्रेकच्या पायटीचे झिजलेले रबर आणि चालकाच्या बैठकीची दबलेली कड मागे फिरविता येत नाही. टायरवर चार अंकी संख्या कोरलेली असते. त्यातील पहिले दोन अंक आठवडा व शेवटचे दोन वर्ष सांगतात. नक्षी शाबूत असली तरी वयस्क टायर विश्वासाचे नव्हे.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीविषयी विशेष सावध असावे. मुंबईचा २००५ चा, चेन्नईचा २०१५ चा आणि आमच्या शेजारच्या कोल्हापूर-सांगलीचा २०१९ चा पूर आठवावा. बैठकीचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. टोकाशी गाळाची रेघ असेल, बैठकीच्या रुळात तांबेरा असेल किंवा गालिच्याला कुबट वास असेल, तर किंमत कितीही स्वस्त असो, हात जोडून परत यावे. भिजलेले धान्य वाळवून विकता येते. भिजलेल्या तारांचे जाळे कधीही पूर्ण वाळत नाही.

यंत्राच्या बाबतीत एक प्रश्न अवश्य विचारावा : आतील टायमिंग पट्टा रबराचा आहे की साखळी आहे? जुन्या लेक्सस एल.एस. ४०० मध्ये पट्टा आहे व तो ठरलेल्या अंतरावर बदलावाच लागतो. २.४ लिटर केमरीत साखळी आहे. संकरित, म्हणजे हायब्रिड गाडी असेल तर तिच्या मोठ्या बॅटरीची तपासणी केल्याविना बोलणी पुढे नेऊ नयेत.

सीमाभागातील कागदपत्र

आमचा बाजार एका राज्यात व सोयरीक दुसऱ्या राज्यात. निपाणीहून कोल्हापूर हाकेच्या अंतरावर, पण मधे राज्याची सीमा. यास्तव कागदांची बाजू आम्हांस इतरांहून अधिक जपावी लागते. परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवावयाची तर येथील नवा नोंदणी क्रमांक घेणे मोटार वाहन कायद्याने आवश्यक आहे. मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला, हस्तांतराचे अर्ज, कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला हे सारे हाती आल्यावाचून पूर्ण रक्कम देऊ नये. कर्नाटकाचा आजीवन कर गाडीच्या किमतीवर व वयावर ठरतो. आयात गाडीची मूळ किंमत मोठी, म्हणून हा करही हलका नसतो. विक्रेत्याने सांगितलेल्या भावात तो प्रथम मिळवावा आणि मगच गाडी स्वस्त की महाग ते ठरवावे.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते. येथे आयात गाडीस वेगळा न्याय आहे. केंद्राच्या नियमांप्रमाणे १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील सामान्य मोटारीस ५,००० रुपये, तर आयात मोटारीस ४०,००० रुपये शुल्क झाले. ऑगस्ट २०२५ च्या सुधारणेने वीस वर्षांवरील सामान्य मोटारीस १०,००० व आयात मोटारीस ८०,००० रुपये ठरले. म्हणून नोंदणीपत्रावर ‘आयात’ हा शब्द आहे की नाही, हे पाहणे म्हणजे पैशाची गोष्ट पाहणे होय. दिल्लीकडे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश झाले, तेव्हापासून तिकडील मोठ्या गाड्या स्वस्तात दक्षिणेकडे येऊ लागल्या. त्या स्वस्ताईमागील कारण समजून घेऊन मगच व्यवहार करावा. पेढीच्या नावे गाडी घेणाऱ्यांनी हेही ध्यानी ठेवावे की, प्रवासी मोटारीवरील जी.एस.टी.ची वजावट सामान्य व्यापाऱ्यास मिळत नाही.

निगा व सुटे भाग

जुन्या आलिशान गाडीचे मुख्य सूत्र एकच आहे : गाडीची किंमत जुनी होते, तिच्या सुट्या भागांची किंमत जुनी होत नाही. लाखो रुपयांची गाडी अल्प किमतीत मिळाली, तरी तिचा दिवा किंवा वातानुकूलनाचे यंत्र मूळ किमतीच्याच इतमामात येते. आमचा नियम असा की, खरेदीच्या रकमेचा चौथा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढावा. तो निघत नसेल तर गाडीही घेऊ नये.

सुटे भाग मुंबईच्या कुर्ल्यातून, बेंगळूरच्या जे.सी. रस्त्यावरून, दिल्लीतून, तर कधी दुबईहून मागवावे लागतात. भागाचे नाव न सांगता त्यावरील क्रमांक सांगावा. केमरी आणि लेक्सस ई.एस. या गाड्यांची घडण जवळची असल्याने काही भाग दोहोंस चालतात. क्रमांक एक असेल तर आलिशान नावाचे अधिक पैसे का द्यावेत? मात्र बनावट मालापासून जपावे. परगावच्या एका विक्रेत्याने आम्हांस पेटीबंद ‘अस्सल’ म्हणून इग्निशन कॉइल पाठविली. आम्ही ती जुन्या कॉइलसह दुकानातील काट्यावर ठेविली. नवी स्पष्टपणे हलकी भरली. ती तशीच परत धाडली. काटा फक्त धान्यासाठीच असतो असे थोडेच आहे!

आमच्या उद्यमबागेतील आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातील कारागिरांचे हात ही या भागाची मोठी संपत्ती आहे. सुकाणूची तेलाची उच्चदाबाची नळी गळू लागली, तेव्हा एका कारखान्याने संपूर्ण जोडणी बदलण्याचा मोठा अंदाज दिला. उद्यमबागेतील एका कारागिराने केवळ नळी नवी बनवून काम केले व ते आजही टिकून आहे. परंतु ही काटकसर ब्रेकच्या नळीवर, सुकाणूच्या सांध्यांवर वा सुरक्षा-पिशव्यांवर कदापि करू नये. तवंदी घाट उतरताना वाचविलेले चार पैसे उपयोगी पडत नाहीत.

यंत्राचे व गिअरपेटीचे तेल, शीतक, ब्रेकचे तेल वेळेवर बदलावे. पावसाळ्यापूर्वी गाडीची खालची बाजू तपासून गंजरोधक लेप द्यावा. धान्याच्या वखारीजवळ गाडी उभी करणाऱ्यांस एक विशेष सूचना : कोंड्याची धूळ हवेच्या गाळणीत बसते, आणि उंदीर उबेसाठी यंत्राशेजारी घरटे करून तारा कुरतडतात. विष घालणे आमच्या धर्मास मान्य नाही. गाडी वखारीपासून दूर ठेवावी, सापळ्याचा पिंजरा लावून प्राणी बाहेर सोडावा, आणि आठवड्यातून एकदा तरी बोनेट उघडावे.

मका आणि पेट्रोल

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण २०२३ पासून अमलात येऊ लागले व २०२५ साली देशभर पसरले. हे इथेनॉल उसापासून, त्याचप्रमाणे मका व तांदळाच्या कणीपासून होते. आमच्या पेठेतून गेलेला मकाच जणू गाडीच्या टाकीत परत येतो! मक्याच्या मागणीने व्यापारी सुखावेल, परंतु जुनी गाडी या मिश्रणासाठी घडविलेली नाही. इथेनॉल हवेतील ओलावा ओढते आणि ओलाव्याचे दुष्परिणाम धान्यव्यापाऱ्यास सांगावयास नकोत. म्हणून इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या व गाळणी बदलून घ्यावी, टाकी भरून गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नये आणि इंधन थोडे अधिक लागेल हे गृहीत धरावे.

चामडे आणि परिग्रह

आता सर्वांत नाजूक विषय. आलिशान गाडी म्हणजे चामड्याच्या बैठका, चामड्याने मढविलेले सुकाणू, हे समीकरण परदेशी कारखान्यांनी रूढ केले आहे. जो श्रावक पायातील जोडा निवडताना विचार करतो, त्याने चार तास ज्यावर बसावयाचे त्याचाही विचार करावयास नको काय? आमच्या मातोश्रींनी त्या बैठकीवर बसण्यास स्पष्ट नकार दिला. तेव्हा आम्ही बैठका कापडी करून घेतल्या आणि सुकाणूही कृत्रिम आवरणाचे केले. काही मंडळी वरून केवळ आच्छादन घालतात. तो ज्याच्या-त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. मात्र बैठकीच्या कडेत सुरक्षा-पिशवी असेल तर तिच्या मार्गात आवरण येऊ देऊ नये. शक्य असेल तर मूळची कापडी बैठकीची गाडीच शोधावी.

दुसरा प्रश्न परिग्रह-परिमाणाचा. गृहस्थाने सर्वसंगपरित्याग करावा असे कोणी म्हणत नाही. मर्यादा आखावी असे आचार्य सांगतात. दारातील गाडी म्हाताऱ्या आईवडिलांना स्तवनिधीस, कुंभोज बाहुबलीस, श्रवणबेळगोळास आरामात घेऊन जात असेल, तर ती गरज आहे. तीच गाडी शेजाऱ्याच्या गाडीहून लांब असावी म्हणून घेतली असेल, किंवा तिच्या दुरुस्तीसाठी शेतकऱ्याची पट्टी आठवडाभर थकवावी लागत असेल, तर ती पतीची खूण नसून पतीस लागलेली वाळवी आहे. बाजारात पत गाडीने मिळत नाही. वेळेवर चुकत्या केलेल्या पट्टीने मिळते.

समारोप

तात्पर्य हे की, नीट पारखून, कागद पुरते करून, राखीव रक्कम बाजूला ठेवून आणि एका विश्वासू कारागिराशी संबंध जोडून घेतलेली जुनी जपानी गाडी कुटुंबाची उत्तम सेवा करते. कर्ज काढून, देखाव्यासाठी घेतलेली तीच गाडी घरात कलह आणते. तरुणांनी हौस जरूर करावी, पण प्रत्येक खर्च रोजमेळात लिहावा. लिहिलेला खर्च माणसास आपोआप शहाणा करतो. वडिलांनीही केवळ ‘नको’ म्हणून विषय मिटवू नये. मुलांबरोबर जाऊन गाडीचे बोनेट उघडून पाहावे. त्या निमित्ताने दोन पिढ्या एका हिशेबावर बसल्या तरी पुष्कळ साधले.

सर्व सभासद कुटुंबांचा प्रवास निर्विघ्न होवो. जय जिनेंद्र.