जुन्या जीपमधील तेलाचा दाब

जीपच्या इंजिनात पंप तेल ढकलतो आणि बेअरिंगांमधल्या अरुंद फटी त्याला अडवतात. या अडवणुकीतून दाब निर्माण होतो. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी जोराने उडते आणि अंगठा उचलला की धार लोंबते, तसेच हे आहे. त्यामुळे डॅशबोर्डावरचा काटा पंपाइतकीच बेअरिंगांची हकीकतही सांगतो. फट दुप्पट झाली तर तेवढ्याच दाबाला तिच्यातून आठपट तेल निसटते. बेअरिंग थोडे झिजले तरी काटा बराच खाली येतो तो यामुळे.

गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडसारख्या ठिकाणी हा काटा नीट वाचता येणे फार महत्त्वाचे ठरते. आलापल्लीहून भामरागडला जाणारा साठ-पासष्ट किलोमीटरचा रस्ता दाट जंगलातून जातो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचे हे ठिकाण अनेकदा बाहेरच्या जगापासून तुटते. अशा मुलखात एके काळी चारही चाकांना ताकद देणारी जीप हेच भरवशाचे वाहन होते. इंजिन खोलावे लागले आणि क्रँक घासायची वेळ आली, तर गाडी चंद्रपूर किंवा नागपूरपर्यंत ओढत न्यावी लागते. म्हणून पाना हातात घेण्याआधी दोष कुठे आहे ते ठरवणे हेच या कामातले खरे कौशल्य.

महिंद्राने मुंबईत बनवलेल्या सीजे-३बी जीपमध्ये विलिस कंपनीचे एफ-हेड पेट्रोल इंजिन असे. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ मध्ये आले आणि १९६८ मध्ये बंद झाले. भारतात ते त्यानंतरही बरीच वर्षे बनत राहिले. चार सिलिंडर, २१९९ सीसी. बोअर ७९.४ मिलिमीटर, स्ट्रोक १११.१. एवढ्या लांब स्ट्रोकच्या क्रँकला आधार मात्र तीनच मेन बेअरिंगांचा. मंद गतीत भरपूर ओढ देणारे हे इंजिन आहे. त्याचा तेलाचा दाबही बेताचाच असतो: गरम इंजिन मिनिटाला २००० फेरे फिरत असताना चौरस इंचाला सुमारे ३५ पौंड. गाडी ताशी ३५ मैलांनी धावत असताना तो २० पौंडांच्या खाली जाऊ नये. एमजीबीसारख्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारला धावताना ५० ते ८० पौंड दाब लागतो. तेथे ३५ दिसले तर चालकाने काळजी करावी. जीपमध्ये तोच आकडा तब्येत उत्तम असल्याचा. दुसऱ्या गाडीचे आकडे जीपला लावून बरीच निरोगी इंजिने विनाकारण खोलली जातात.

पहिला संशय घ्यावा तो गेजवरच. जुन्या गेजमध्ये इंजिनापासून बारीक नळीने तेल थेट काट्यापर्यंत येते. नळी चेपली किंवा गाळाने तुंबली की काटा खोटे बोलतो. विजेच्या सेंडरवर चालणाऱ्या गेजमध्ये गंजलेले अर्थिंग किंवा सैल वायर हेच काम करते. सेंडरची जागा मोकळी करून तिथे खात्रीचे मेकॅनिकल गेज लावावे आणि गरम इंजिनावर दाब मोजावा. तोवर इंजिन चालवत ठेवण्याचा मोह टाळलेला बरा, कारण काटा खरा असेल तर दर मिनिटाला बेअरिंग खरवडले जात असते.

यानंतर डिपस्टिक. तेल कमी असेल तर निदान तिथेच संपले. ते आपोआप वाढलेले दिसले तर मात्र सावध व्हावे. तेलाला पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम फाटला आहे किंवा चोक ओढून गाडी फार चालली आहे. पेट्रोल मिसळलेले तेल पातळ होते आणि फटींतून सहज पळते. दुधाळ, चहासारखे तेल म्हणजे पाणी. या भागात हेड पॅकिंगच्या बरोबरीने ओढ्या-नद्यांचाही संशय घ्यावा लागतो. पाण्यातून गाडी काढताना इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमध्ये पाणी शिरले असेल, तर तेल बदलण्यापूर्वी इंजिन एकदाही सुरू करू नये.

तेल ठीक असेल तर काट्याची चाल पाहावी. सर्वांत जास्त उलगडा इथेच होतो. थंड इंजिनावर दाब भरपूर आणि गरम झाल्यावर आयडलिंगला तो कोसळतो, पण ॲक्सिलरेटर दिल्यावर पुन्हा चढतो: बेअरिंगांमधली फट वाढली आहे. थंड असो वा गरम, दाब एका ठरावीक आकड्यावर अडतो आणि फेरे वाढवले तरी हलत नाही: रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्याने उघडा राहिला आहे किंवा त्याची स्प्रिंग मेली आहे. चढावर, वळणावर, ब्रेक मारताना काटा थरथरतो: पिकअप, म्हणजे तेल ओढणारी जाळी, हवा ओढते आहे. विलिस इंजिनात चेंबरमधली तेलाची जाळी तेलावर तरंगते, म्हणजे तळाचा गाळ सोडून वरचे स्वच्छ तेल ओढले जाते. ही रचना चांगली आहे. पण जाळीच्या नळीचे पॅकिंग खराब झाले की पंप तेलाबरोबर हवाही गिळतो. जुन्या जीपचा फिल्टर बायपास पद्धतीचा असल्याने त्यातून थोडेच तेल जाते. तो तुंबला तरी दाब घटत नाही. उलट, त्याच्या वाटेवरचे बारीक छिद्र कुणी चुकीचा जोड बसवून मोठे केले असेल तर दाब तिथूनच निसटतो. फिल्टरची वाट थोडा वेळ बंद करून काटा चढतो का, हे पाहायला काही मिनिटे पुरतात.

रिलीफ व्हॉल्व्ह पंपावरच असतो आणि तो बाहेरूनच काढता येतो. प्लंजर साफ करावा, स्प्रिंग पाहावी, वायसर मोजून ठेवावेत. स्प्रिंगमागे वायसर वाढवून काटा वर आणण्याची युक्ती बऱ्याच गॅरेजांत चालते. व्हॉल्व्ह लवकर उघडत असेल तरच ती लागू पडते. झिजलेल्या बेअरिंगावर तिचा काहीही उपयोग नाही. पंपही इंजिनाच्या बाजूला बाहेर बसवलेला असल्याने चेंबर न उतरवता निघतो. मात्र डिस्ट्रिब्यूटर याच पंपाच्या शाफ्टवरून फिरतो. म्हणून पहिला सिलिंडर टॉपला आणून रोटरची खूण करावी आणि मगच पंप सोडवावा, नाहीतर बसवताना टायमिंग चुकते आणि एका दोषाचे दोन होतात. पंपाच्या आतल्या चकत्या आणि झाकण यांतली फट फीलर गेजने मोजावी. ती तीन-चार थाऊंच्या (इंचाच्या हजाराव्या भागांच्या) वर गेली किंवा झाकणावर चर पडले असतील, तर पंप थकला आहे.

हे सगळे नीट निघाले तर मग चेंबर उतरवावा. तळाच्या गाळात चकाकणारे कण दिसले की उत्तर मिळते. बिग एंड आणि मेन बेअरिंगांच्या टोप्या एकेक करून सोडवाव्यात, प्लास्टिगेजचा मऊ धागा ठेवून ठरल्या टॉर्कने परत आवळाव्यात आणि चपटा झालेला धागा मोजावा. क्रँकचे जर्नल (बेअरिंगात फिरणारा भाग) गोल आणि गुळगुळीत असेल तर नवा बेअरिंग सेट पुरतो. चर पडले असतील किंवा जर्नल लंबगोल झाले असेल तर क्रँक घासून अंडरसाइझ बेअरिंग घालावे लागते. कॅमशाफ्टकडेही पाहावे: या इंजिनात पुढचे एकच कॅम बेअरिंग बदलता येते, बाकीच्या ठिकाणी शाफ्ट थेट ब्लॉकमध्ये फिरतो. तिथे झीज असेल तर नव्या मेन बेअरिंगांनंतरही दाब पुरता परतत नाही, आणि मालकाला हे आधीच सांगणे मेकॅनिकचे कर्तव्य आहे.

जाड तेल घालून वेळ मारून नेणे हा मधला मार्ग. गरम इंजिनात जाड तेल कमी पळते आणि काटा वर दिसतो. पण थंड सुरुवातीला ते फटींत उशिरा पोहोचते आणि झीज वाढते. दूरच्या गावाहून दुरुस्तीच्या ठिकाणी जाण्यापुरता हा उपाय क्षम्य आहे, वर्षभरासाठी नाही.

दुरुस्तीनंतर पंप तेलाने भरून बसवावा. कॉइलची वायर काढून काटा उठेपर्यंत स्टार्टर मारावा आणि मगच इंजिन सुरू करावे. गरम झाल्यावर आयडलिंगचा, २००० फेऱ्यांचा आणि चढावरचा दाब गाडीच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी काटा किती उतरला ते त्या आकड्यांशी ताडून पाहता येते.