पानओवा : भज्यांपलीकडे

गॅलरीतल्या कुंडीत जाड, लवदार, कातरलेल्या कडांची पाने असलेले एक झाड पुष्कळ घरांत असते. पान चुरडले की ओव्याचा वास येतो. हा पानओवा. अनेक गृहिणींना वाटते की, डब्यातला ओवा याच झाडाचा. तसे नाही. ओवा कोथिंबीर-बडीशेपेच्या कुळातला, पानओवा तुळस-पुदिन्याच्या. तेव्हा याच्याकडून ओव्याच्या दाण्यांची अपेक्षा करू नये.

लावायला बी लागत नाही. शेजारणीकडून ४-५ इंचांची फांदी मागून आणा, खालची पाने काढून वाळूमिश्रित मातीत खोचा. मुळे धरेपर्यंत सावली, मग सकाळचे ऊन. हे झाड मरते ते बहुधा लाडाने! पाने स्वतःच पाणी साठवतात, म्हणून माती सुकल्यावरच पाणी घाला. पावसाळ्यात कुंडी छपराखाली घ्या, नाही तर मुळे कुजतात आणि नेमक्या सर्दी-खोकल्याच्या दिवसांत पाने मिळत नाहीत.

भजी आपण करतोच. कर्नाटकातली तंबळीही करून पाहा. तिकडे याला दोड्डपत्रे म्हणतात. १०-१२ पाने थोड्या तुपात जिरे-मिऱ्यांसह मऊ होईस्तोवर परता. गार झाल्यावर पाव वाटी ओल्या खोबऱ्याबरोबर वाटून दोन वाट्या ताकात कालवा. मीठ घाला, वरून मोहरीची फोडणी द्या. उकळायची नाही. गरम भातावर वाढा. पाने मात्र मोजूनच घ्या. जास्त झाली तर तंबळी काढ्यासारखी लागते आणि मुले ताट सरकवतात.