कंप सुटण्याआधीची वर्षं

दिल्लीहून जयपूरच्या रस्त्याला लागलं की गुरुग्राम ओलांडल्यावर मानेसर येतं. मारुतीच्या गाड्या आणि होंडाच्या दुचाकी बनवणारं गाव हीच त्याची ओळख. त्याच गावालगत, अरवलीच्या पायथ्याशी, राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. ११ एप्रिलच्या जागतिक पार्किन्सन दिनासाठी संपादकांना जागृतीचा लेख हवा होता. तो रुग्णालयाऐवजी या प्रयोगशाळेवर लिहावा असं मला वाटलं, कारण आजाराची सुरुवात शोधणारी माणसं इथे आहेत.

संस्थेचा इतिहास थोडक्यात आटोपतो. जैवतंत्रज्ञान विभागाची ही स्वायत्त संस्था १९९९ साली मंजूर झाली आणि डिसेंबर २००३ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी ती देशाला अर्पण केली. डॉ. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ संस्थापक संचालक. मी रेंगाळलो ते त्यांच्या गटाच्या एका कामापाशी.

मध्यमेंदूत एक काळपट पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामिन बनवतात आणि पार्किन्सनमध्ये त्याच मरत जातात. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही व्यसनी तरुण एकाएकी जागच्या जागी थिजले. त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट मालात एमपीटीपी नावाचं द्रव्य होतं. ते याच पेशींच्या ऊर्जाकेंद्रांवर, मायटोकॉन्ड्रियावर, घाव घालतं. मानेसरच्या गटाने हे विष उंदरांना दिलं आणि सावरण्याच्या क्रियेवर नजर ठेवली. ग्लुटारेडॉक्सिन नावाचं एक लहानसं विकर ग्लुटाथायोन या पेशीतल्या संरक्षक रसायनाच्या मदतीने बिघडलेली प्रथिनं पूर्ववत करतं. या विकराची निर्मिती दाबली, तेव्हा ऊर्जाकेंद्राचा पहिला टप्पा सावरेनासा झाला. पुढे २००४ मध्ये याच गटाला आढळलं की मादी उंदरांच्या मेंदूत हे विकर मुळातच जास्त असतं आणि त्यांची हानी कमी होते. माणसांतही पार्किन्सन बायकांपेक्षा पुरुषांना अधिक होतो. एवढ्यावरून माणसाचं कोडं सुटलं असं कुणी म्हणणार नाही, पण नेमकं कुठे पाहायचं ते या उंदरांनी दाखवलं.

पाहायचं ते ग्लुटाथायोनकडे. पार्किन्सनने गेलेल्यांच्या काळपट पट्ट्यात ते कमी भरतं, हे शवविच्छेदनांतून माहीत होतं. त्याहून धक्कादायक होतं ते हयातीत कसलंही लक्षण नसलेल्या काही माणसांचं. मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूत आजाराच्या खुणा सापडल्या आणि ग्लुटाथायोन तोवर घटलेलंही होतं. मग जिवंत माणसात ते मोजता येईल का?

त्यासाठी एमआरआय यंत्रच वापरतात, पण त्यातून चित्राऐवजी रसायनांचे संकेत टिपतात. ग्लुटाथायोनचा संकेत क्षीण, शिवाय क्रिएटिनच्या मोठ्या संकेताखाली दडलेला. म्हणून मोजणी दोन प्रकारे करतात. एकदा ग्लुटाथायोनला हलवणारा रेडिओ-स्पंद चालू ठेवून, एकदा बंद ठेवून. दोन्हींची वजाबाकी केली की क्रिएटिन उडून जातं आणि मागे एक बुटकं शिखर उरतं. मानेसरला या तंत्रावर मोठं काम झालं आहे, मुख्यतः अल्झायमरसाठी. तिथल्या ‘स्वदेश’ प्रकल्पात भारतीय मेंदूंच्या प्रतिमांचा जो संग्रह उभा राहतो आहे, त्यात पार्किन्सनलाही जागा आहे. मला हे तंत्र विलक्षण वाटतं. कवटीला धक्का न लावता, केवळ वजाबाकीने, मेंदूतलं रसायन मापायचं!

पण पार्किन्सनपुढे ही वजाबाकी अडखळते. काळपट पट्टा चिमुकला, त्यात लोह भरपूर, आणि लोहाने संकेत विस्कटतो. मोजणीला बरीच मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ डोकं जराही हलून चालत नाही. ज्याचा हात आपसूक थरथरतो, त्याच्याकडून ही अपेक्षा करायची. ग्लुटाथायोन औषध म्हणून देऊन पाहिलं, तिथेही निराशाच. २०१७ साली अमेरिकेतल्या चाचणीचे निकाल आले. नाकावाटे ग्लुटाथायोन घेणारे आणि नुसतं खारट पाणी घेणारे, दोन्ही गट सुधारले. औषध सरस ठरलं नाही.

याहून मोठी अडचण मानेसरच्या बाहेर, आपल्या घरांत आहे. संशोधकांना आजार कोवळा असताना माणसं हवी आहेत आणि माणसं येतात ती कंप सुटल्यावर. काहींना तर कंप येतच नाही. वास येईनासा होतो, बद्धकोष्ठ जडतं, अक्षर बारीक होत जातं, चालताना एक हात झुलत नाही, चेहरा निर्विकार होतो. घरचे म्हणतात, ‘वय झालं आता.’ खांदा आखडला म्हणून महिनोन्‌महिने शेक घेतला जातो. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात शुभार्थी, म्हणजे रुग्ण, आणि त्यांचे शुभंकर, म्हणजे त्यांना सांभाळणारे, एकमेकांना धीर देतात. ते काम मोलाचं आहेच, पण तिथे पोचेपर्यंत निदान झालेलं असतं.

बद्धकोष्ठ पुष्कळांना असतं, तेवढ्याने घाबरू नये. झोपेत स्वप्नाबरहुकूम ओरडणं, लाथा झाडणं, शेजारच्याला ठोसा बसणं, हे मात्र मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवायलाच हवं. अशा माणसांपैकी अनेकांना काही वर्षांनी पार्किन्सन किंवा त्याच्या जवळचा आजार होतो.

‘आधी कळून करायचं काय?’ हा प्रश्न कुणीही विचारेल आणि तो रास्त आहे. आजार थांबवणारं औषध आज नाही. लेव्होडोपाने हालचाली सुधारतात, नियमित व्यायामाने फरक पडतो, पण पेशींची झीज चालूच राहते. ती रोखू पाहणारी औषधं आजवर बहुतेक अशाच रुग्णांवर तपासली गेली, ज्यांच्या कितीतरी पेशी आधीच गेलेल्या होत्या. कदाचित त्यांतलं एखादं दहा वर्षं आधी दिलं असतं तर लागू पडलं असतं. ते तपासायला कंप न सुटलेली माणसं लागतील, आणि त्यांना दवाखान्यात आणायला घरातलंच कुणीतरी लागेल.