केबल गेली, बॅटरी आली

घरी व्हीआर हेडसेट बनवणाऱ्यांची सुरुवात साधारण सारखीच असते. मोबाइलच्या पडद्याएवढा एखादा एलसीडी पॅनल, त्याला एचडीएमआय देणारा छोटा बोर्ड, दोन भिंगं, डोक्याची हालचाल टिपणारा सेन्सर आणि एक मायक्रोकंट्रोलर. कॉम्प्युटरच्या केबलीवर हे सगळं छान चालतं. मग स्वतःभोवती दोन गिरक्या घेतल्या की केबल पायात येते आणि ‘वायरलेस करून टाकू’ असं ठरतं. चित्र हवेतून कसं पाठवायचं यावर रात्री जागवल्या जातात. विजेचा प्रश्न मात्र ‘लावू एक पॉवर बँक’ एवढ्यावर मिटतो. खरी अडचण इथूनच सुरू होते, आणि तिच्या मुळाशी काही ठाम समजुती असतात.

“वायरलेस म्हणजे एकही वायर नको”

हवेतून जातं ते चित्र आणि सेन्सरची माहिती. वीज हवेतून येत नाही. मोबाइल पॅडवर ठेवून चार्ज करायचं क्यूआय तंत्र जवळजवळ चिकटून ठेवल्यावरच चालतं. खोलीभर हिंडणाऱ्या डोक्यापर्यंत वीज पोचवणं त्याच्या आवाक्यातलं नाही. मोठ्या कंपन्यांनाही यातून सुटका मिळालेली नाही. एचटीसीने २०१८ मध्ये व्हाइव्हसाठी वायरलेस अडॅप्टर आणला. चित्र ६० गिगाहर्ट्झच्या लहरींवरून यायचं, पण वीज यायची ती कमरेला अडकवलेल्या पॉवर बँकेतून, वायरीनेच. २०२४ मध्ये बाजारात आलेल्या ॲपलच्या व्हिजन प्रोची बॅटरीही वेगळी, सुमारे साडेतीनशे ग्रॅमची, खिशात ठेवायची. तेव्हा मानेमागून खिशात उतरणारी एक वायर राहिली म्हणून खट्टू व्हायचं कारण नाही.

उलट केबल काढल्यावर विजेची भूक वाढते, हे आधी लक्षात घ्यावं. २५६० बाय १४४० पिक्सेलचं चित्र सेकंदाला ६० वेळा कच्चंच पाठवायचं तर सेकंदाला सुमारे ५.३ गिगाबिट लागतात. घरच्या वायफायला ते झेपत नाही. म्हणून चित्र दाबून लहान करायचं, पाठवायचं आणि डोक्यावर पुन्हा उलगडायचं. हे उलगडणारा रिसीव्हर पडद्याच्या बरोबरीने वीज खाऊ शकतो, कधी त्याहूनही जास्त. केबलीवर असताना केलेला विजेचा हिशेब इथे कामाचा नाही.

“१०,००० एमएएच आहे, दिवसभर चालेल”

एमएएच हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. तो कुठल्या व्होल्टेजचा, हे विचारायला हवं. पॉवर बँकेवरचे १०,००० एमएएच हे आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टचे असतात. गुणाकार केला की ३७ वॅट-तास. हेडसेटला लागतात ५ व्होल्ट. त्या हिशेबाने हातात ७,४०० एमएएच उरतात, आणि व्होल्टेज वाढवताना उष्णतेत जाणारी वीज वजा केली की सहा-साडेसहा हजार. यात लबाडी नाही. बऱ्याच पॉवर बँकांवर बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून हाच आकडा छापलेला असतो. आपण मोठ्या अक्षरांतला वाचतो.

म्हणून हिशेब वॅटमध्येच करावा. उदाहरणादाखल धरा: पडदा आणि त्याचा बोर्ड ३.५ वॅट, रिसीव्हर ६ वॅट, सेन्सर आणि मायक्रोकंट्रोलर अर्धा वॅट. झाले १० वॅट. पॉवर बँकेचे ३७ वॅट-तास, त्यातले कामी येणारे सुमारे ३१. म्हणजे तीन तास. तुमच्या भागांचे आकडे वेगळे असतील. ते अंदाजाने ठरवू नका; पॉवर बँक आणि हेडसेटच्या मध्ये यूएसबी मीटर लावा आणि प्रत्यक्ष खेळ चालू असताना वाचा. पडदा काळा असतानाचा आकडा फसवा असतो.

“९,९०० एमएएचचा एक सेल मिळतो, मग पॉवर बँक कशाला?”

१८६५० हे नाव मापावरून पडलं: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. एवढ्या डब्यात नामांकित कंपन्यांना ३,५०० एमएएचच्या आसपासच मजल मारता आलेली आहे. त्यामुळे ९,९०० छापलेला सेल दिसला की बाकी काही तपासायची गरज नाही, तो खोटा. वजन करून पाहिलंत तरी कळतं. चांगला सेल पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम भरतो, आणि खोटा बऱ्याचदा त्याहून बराच हलका निघतो. मुंबईतला लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची बुधवार पेठ, सुटे सेल घेताना आकड्यापेक्षा कंपनी आणि वजन पाहावं.

“सेल, चार्जिंग मॉड्यूल, बूस्ट कन्व्हर्टर. झालं काम!”

घरगुती प्रकल्पांतली ही सगळ्यात लाडकी जोडणी, आणि सगळ्यात जास्त दगा देणारीही. एक १८६५० सेल, टीपी४०५६ चिपचं स्वस्त चार्जिंग मॉड्यूल आणि ३.७ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा बूस्ट कन्व्हर्टर. एखादा सेन्सर चालवायला ती उत्तम आहे. दहा वॅटच्या हेडसेटला नाही.

कारण साधं आहे. कन्व्हर्टरमधून १० वॅट बाहेर काढायचे तर सेलकडून ११ वॅटहून जास्त ओढावे लागतात. सेल ३.८ व्होल्टवर असताना त्यासाठी ३ अँपिअर लागतात. सेल उतरत ३.४ व्होल्टवर आला की तेवढ्याच कामाला ३.३ अँपिअरच्या पुढे जावं लागतं. म्हणजे बॅटरी जसजशी थकते तसतसं तिच्यावरचं ओझं वाढतं. त्या मॉड्यूलवर बहुधा एक संरक्षक चिपही असते आणि ती साधारण ३ अँपिअरच्या आसपासच वीज तोडते. परिणाम असा, की हेडसेट सुरुवातीला झकास चालतो आणि सेलमध्ये निम्मी वीज शिल्लक असताना अचानक काळोख होतो. मग माणूस कोड तपासतो, एचडीएमआयचा बोर्ड बदलतो, सोल्डरिंग पुन्हा करतो. दोष यातल्या कशातच नसतो.

बूस्ट कन्व्हर्टरवर छापलेल्या ‘२ अँपिअर’वरही फार भरवसा ठेवू नये. तो आकडा अनुकूल परिस्थितीतला असतो. छोट्या उघड्या बोर्डाकडून सलग दहा वॅटची अपेक्षा केली की तो तापतो, आणि तो तापणार कपाळापासून बोटभर अंतरावर.

याच जोडणीबद्दलची आणखी एक समजूत म्हणजे चार्जिंगला लावून खेळता येईल. टीपी४०५६ जास्तीत जास्त १ अँपिअर देतो, म्हणजे जेमतेम चार वॅट. हेडसेट अकरा खातो. चार्जिंग चालू असतानाही सेल उतरतच राहतो. शिवाय प्रवाह एक दशांशावर आला की सेल भरला असं ही चिप समजते. हेडसेट जोडलेला असेल तर प्रवाह तितका खाली येतच नाही, आणि चार्जिंग थांबवायची वेळ चिपला कळत नाही.

सुटे सेलच वापरायचे असतील तर दोन सेल एकापुढे एक जोडून ७.२ व्होल्ट करावेत आणि बक कन्व्हर्टरने ५ वर उतरवावेत. तेवढ्याच कामाला दीड अँपिअरच्या थोडा वर प्रवाह पुरतो आणि सगळं थंड राहतं. पण मग दोन्ही सेल समान पातळीवर ठेवणारा बीएमएस बोर्ड आणि ८.४ व्होल्टचा चार्जर हवाच. सेल एकाच कंपनीचे, एकाच वयाचे. एक नवा आणि एक जुन्या लॅपटॉपमधून काढलेला, असला संसार टिकत नाही.

“जास्त अँपिअरचा अडॅप्टर लावला तर बोर्ड जळेल”

जळत नाही. ३ अँपिअरचा अडॅप्टर म्हणजे ३ अँपिअरपर्यंत देऊ शकणारा. बोर्ड स्वतःला लागेल तेवढाच प्रवाह घेतो. बोर्ड जळतो तो चुकीच्या व्होल्टेजने. पाच व्होल्टच्या जागी बारा दिले की एका क्षणात खेळ आटोपतो.

टाइप-सी मुळे हा धोका थोडा वाढला आहे. पॉवर डिलिव्हरीचा चार्जर किंवा पॉवर बँक ५, ९, १५, २० अशी वेगवेगळी व्होल्टेज देऊ शकते, पण मागितल्याशिवाय ५ च्या वर जात नाही. मागायचं काम करणारे ‘ट्रिगर’ बोर्ड मिळतात. ते आधी मल्टिमीटरवर तपासावेत, मगच हेडसेटला जोडावेत. उलट तक्रारही असते: बोर्डाला टाइप-सी पोर्ट आहे, दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली, तरी वीजच येत नाही. अशा वेळी बोर्डावर ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर आहेत का ते पाहा. ते नसतील तर पलीकडच्या पॉवर बँकेला आपल्याशी काही जोडलंय हेच समजत नाही.

“वायर ती वायर, कुठलीही चालेल”

माझ्या मते घरगुती हेडसेटमधल्या गूढ वाटणाऱ्या बिघाडांचं मूळ शोधायला इथूनच सुरुवात करावी. स्वस्त यूएसबी केबलीतल्या वीज नेणाऱ्या तारा अनेकदा २८ गेजच्या असतात. आकडा मोठा, तार बारीक. अशी एक मीटर केबल घ्या आणि २ अँपिअर ओढा. जाताना-येताना मिळून रोध होतो सुमारे ०.४३ ओहम, म्हणजे वाटेतच ०.८५ व्होल्ट गळतात. पॉवर बँक प्रामाणिकपणे ५ व्होल्ट देते आणि हेडसेटपर्यंत पोचतात ४.१५. त्यात वायफायचा रेडिओ झटक्याझटक्याने प्रवाह ओढतो आणि त्या क्षणी व्होल्टेज आणखी बुडी मारतं. चित्र लुकलुकतं, सेन्सर रीसेट होतो, रिसीव्हरची जोडणी तुटते. रास्पबेरी पाय वापरत असाल तर तो निदान ४.६३ व्होल्टखाली तक्रार तरी करतो. बाकीचे बोर्ड मुकाट्याने मान टाकतात.

तीच केबल २० गेजची घेतली तर गळती ०.१३ व्होल्टवर येते. त्याहून चांगला उपाय म्हणजे पॉवर बँकेकडून ९ व्होल्ट मागायचे, ते खिशापासून डोक्यापर्यंत न्यायचे आणि तिथे बक कन्व्हर्टरने ५ करायचे. प्रवाह जवळपास निम्मा होतो, आणि वाटेत अर्धा व्होल्ट गळाला तरी कन्व्हर्टरला त्याचं काही वाटत नाही. त्याच्या तोंडाशी हजार मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर लावला की ते झटकेही सोसले जातात.

“पॉवर बँक मध्येच बंद होते, म्हणजे खराब आहे”

बहुधा नसते. पॉवर बँक मोबाइल चार्ज करण्यासाठी बनवलेली असते. प्रवाह फार कमी झाला की मोबाइल भरला असं समजून ती स्वतःला बंद करते. हेडसेट काढून टेबलावर ठेवला, पडदा झोपला, की नेमकं हेच घडतं. काही पॉवर बँकांना कमी प्रवाहाचा मोड असतो, तो वापरावा. दुसऱ्या पोर्टात काही खुपसल्यावरही बऱ्याच पॉवर बँका क्षणभर वीज तोडून नव्याने बोलणी करतात. खेळ चालू असताना दुसरा पोर्ट रिकामा ठेवा, एवढंच.

“बॅटरी डोक्यावरच हवी”

नजरेसमोर भिंगं आणि पडदा असतोच, त्यात पुढे आणखी दोनशे ग्रॅमची पॉवर बँक लटकवली की मान दुखणारच. बॅटरी डोक्यामागे नेली तर एकूण वजन तेवढंच राहूनही कावडीसारखा तोल साधतो. क्वेस्ट २ या व्हीआर हेडसेटच्या कंपनीने मागे बॅटरी असलेला पट्टा वेगळा विकला तो याचसाठी. तरी सुट्या सेलच्या घरगुती जोडणीसाठी मी कमरेचाच आग्रह धरीन. लिथियम सेल बिघडला तर तो काढून फेकायला लागणारा वेळ डोक्यापेक्षा कमरेवर कमी असतो, आणि डोळ्यांवर पडदा असलेल्या माणसाला धूर दिसत नाही.

उन्हाळ्याचंही भान हवं. लिथियम-आयन सेल चार्ज करण्याची कमाल मर्यादा साधारण ४५ अंश असते. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरला नुसत्या हवेचंच तापमान तिथवर जातं. खेळून तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये.

बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करावी, हा निकेल-कॅडमियमच्या काळातला सल्ला आता सोडून द्यावा. लिथियमला तो उलट बाधतो. हेडसेट महिनाभर कपाटात जाणार असेल तर बॅटरी निम्मी भरून ठेवा.

पहिल्यांदाच करत असाल तर माझा सल्ला असा: सुट्या सेलच्या नादी लागू नका. बीआयएसचा नोंदणी क्रमांक असलेली, पॉवर डिलिव्हरीची १०,००० एमएएच पॉवर बँक, जाड केबल, डोक्याजवळ बक कन्व्हर्टर आणि वाटेत एक फ्यूज, एवढ्यावर हेडसेट उभा राहतो. सेल वापरलेच तर त्यांच्यावर थेट सोल्डरिंग करू नका. होल्डर वापरा किंवा स्पॉट वेल्डिंग करून घ्या. आणि फुगलेला सेल ‘अजून चालतोय’ म्हणून ठेवू नका, घंटागाडीतही टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. टोकांना चिकटपट्टी लावा आणि तो ई-कचरा संकलन केंद्रात नेऊन द्या.